मूल बोर्डिंगात पाठवताना

जून जवळ आला की काही घरांत पत्र्याची पेटी रंगवली जाते, झाकणावर मुलाचं नाव येतं आणि आईचा जीव खालीवर होऊ लागतो. मूल बोर्डिंगात पाठवावं का?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यांतली, सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला बसली. पैशाची ओढाताण झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. घर सोडून आलेल्या त्या लेकरांना तिथं आई मिळाली. आजही आईबाप ऊसतोडीला गेले, की गावातल्या हंगामी वसतिगृहामुळेच कितीतरी मुलांची शाळा टिकते.

पण मूल ऐकत नाही, मोबाईल सोडत नाही, म्हणून त्याला लांब धाडणं मला मुळीच पटत नाही. ती शिक्षा आहे, आणि मुलाला ते बरोबर कळतं.

फी भरण्याआधी त्या शाळेत एकदा मुलांबरोबर जेवून या. रात्री ताप आला तर उशाशी कोण बसतं, ते विचारा. मुख्य म्हणजे मुलाला विचारा. ते 'नको' म्हणालं, तर त्याचं ऐका.