वाड्यातल्या गप्पा

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा मोबाइलवरचा गट हा मोठा मजेचा प्रकार असतो. महिन्याला एक पुस्तक ठरतं, एका रविवारी संध्याकाळी त्यावर रीतसर चर्चा होते, आणि मग उरलेला महिनाभर ज्या गप्पा चालतात त्यांच्यासाठीच खरं तर माणसं गटात टिकून असतात. कुणी नाशिकचं, कुणी ठाण्याचं, कुणी दुबईत. न्यू जर्सीतल्या मंडळींचा पहिला चहा होतो तेव्हा इकडे रात्रीची पानं वाढायची वेळ झालेली असते. मी ज्या गटात आहे तिथे सध्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ चालू आहे. १९६२ साली आलेली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बहुतेकांनी कॉलेजात असताना वाचलेली. काहींनी तर आधी दूरदर्शनवर पाहिलेली, त्यामुळे माधवरावांच्या पत्नी रमाबाई म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आजही मृणाल देवच येते. त्यामुळे पुस्तकावर बोलणं थोडं आणि माणसांवर फार. माधवराव तब्येतीची इतकी हेळसांड का करत होते, गोपिकाबाई सासू म्हणून कशा असतील, काका राघोबादादांना वेळीच कुणी सुनावलं का नाही! शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं पेशव्यांच्या घराबद्दल बोललं जातं.

मला त्यात काही गैर वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात थोरले माधवराव एका परिच्छेदात उरकतात. पानिपताच्या वर्षी, सोळाव्या वर्षी पेशवेपद, राक्षसभुवनला निजामाचा पराभव, हैदरवरच्या स्वाऱ्या, १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने मृत्यू. त्या परिच्छेदातल्या तरुणाला ताप भरतो, काकांचा राग येतो आणि त्यांच्याविषयी मायाही सुटत नाही, हे मराठी घरांना कादंबरीने सांगितलं. गोविंद सखाराम सरदेसाईंनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापून काढले. ते वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण परवा गटात कुणीतरी लिहिलं, ‘राघोबादादांची बायको आनंदीबाई म्हणजे अस्सल कारस्थानी बाई.’ त्याखाली हसरे चेहरे आले. मग एकाने लिहिलं, ‘आमच्या सोसायटीतही एक आहे.’ आणखी हसरे चेहरे. मग ‘ध’ चा ‘मा’ झाला, ‘काका, मला वाचवा’ झालं, कुणी शनिवारवाड्याच्या अमावास्येच्या रात्रीची भुताची गोष्ट सांगितली, आणि पंधरा मिनिटांत एका बाईला खुनाची शिक्षा ठोठावून गट पुरणपोळीच्या कटाकडे वळला. गंमत अशी की ‘स्वामी’ संपते १७७२ मध्ये आणि माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. ज्या पुस्तकात तो खूनच नाही त्या पुस्तकावरच्या गप्पांत त्याचा निकाल लागला.

खुनाबद्दल ठाऊक काय आहे? गारदी वाड्यात शिरले, अठरा वर्षांचा पेशवा त्यांच्या हातून मेला, लाभ राघोबादादांना झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तोही राघोबादादांवर. ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारी आनंदीबाई आपल्याला ठाऊक आहे ती बखरींतून, नाटकांतून आणि आजीच्या तोंडून. ती खाडाखोड असलेला कागद आज कुणी दाखवू शकत नाही. खुनानंतर बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध फळी उभी केली, १७७५ मध्ये दादा सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले, आणि पुण्याचा कारभार ज्यांच्या हाती गेला त्यांना या जोडप्याबद्दल बरं बोलण्याचं काहीच कारण नव्हतं. पुढे त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव गादीवर आला आणि त्याच्या हातून राज्यही गेलं, तेव्हा आईबापांच्या नावाला उरलीसुरली सावलीही राहिली नाही. आनंदीबाई निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिची महत्त्वाकांक्षा काही थोडी नसेल. पण नवऱ्यावर ठेवलेला ठपका दोन-अडीच शतकांत बायकोच्या पदरात कसा येऊन पडला, हे विचारायला पंधरा मिनिटांत कुणाला सवड झाली नाही. मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचतं तरी मी ते लिहिलं असतं की नाही, शंका आहे. हसणाऱ्या घोळक्यात गंभीर चेहरा घेऊन जाणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

असा एक गृहस्थ प्रत्येक गटात असतोच म्हणा. ‘पुरावा काय?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. अमुक संवाद झाल्याला आधार काय, तमुक रात्री चांदणं होतं कशावरून. यांच्यामुळे गप्पा मरतात आणि सत्य काही वाढत नाही. कादंबरीकाराने चांदणं घातलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कागद जिथे गप्प असतात तिथे बोलण्याचा परवाना त्याच्याकडे आहेच, त्याचं काम तेच आहे. तपासावं लागतं ते वेगळ्या ठिकाणी. एखाद्या खऱ्या, नाव-गाव असलेल्या माणसाच्या अब्रूला हात लागतो तिथे थबकावं, एवढंच. कादंबरीकाराने रिकामी जागा भरली हे तो स्वतः कधी विसरत नाही. विसरतो तो वाचक, आणि गप्पांत तर हमखास विसरतो.

गेल्यावर आपली बाजू कुणीच मांडू शकत नाही, म्हणून आपल्याकडे मेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. प्रत्यक्षात ही सभ्यता आपण फार हिशेबाने वाटतो. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्यातले आजचे वंशज उभे राहिले, आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये, ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून केलेल्या ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दिसल्या तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता. ते आक्षेप बरोबर की चूक, हा वाद इतिहासकारांनी करावा. मला त्यातून एवढंच दिसतं की ज्या मृतामागे आज आडनाव, माणसं आणि आवाज आहे त्याच्याबद्दल आपण जपून बोलतो. आनंदीबाईसाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. म्हणून ती स्वस्त.

संभाजी महाराजांचीही एकेकाळी हीच गत होती. नाटकांतून, कादंबऱ्यांतून व्यसनी आणि उच्छृंखल राजपुत्र म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेले, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं कागद धुंडाळण्यात घालवली, १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं, आणि मग हळूहळू ते चित्र पुसलं गेलं. म्हणजे एका माणसाची चाललेली बदनामी थांबवायला दुसऱ्या माणसाला आपल्या आयुष्याचा मोठा भाग खर्च करावा लागला. प्रत्येकाच्या नशिबी बेंद्रे नसतात.

आनंदीबाईपेक्षाही मला अस्वस्थ केलं ते रमाबाईंनी. ‘स्वामी’चा शेवट, रमाबाईंचं सती जाणं, सगळ्यांना माहीत आहे. गटातही त्या पानांशी पोचलेल्यांनी आपापले हुंदके कळवले. ‘पुन्हा रडले.’ ‘काय ते प्रेम!’ ‘असं नातं आता कुठे राहिलंय?’ आणि मग अमेरिकेत राहणाऱ्या, वयाने आमच्या मुलींएवढ्या एका सदस्येने विचारलं, ‘तुम्ही सगळे नक्की कशासाठी रडताय? एक तरुण बाई जिवंत जळतेय ना?’

गट बराच वेळ गप्प होता. मग नेहमीचं उत्तर आलं: आजची मापं त्या काळाला लावू नका, तेव्हा तसंच होतं.

पण तेव्हा तसंच होतं का? त्याच घरात पाहा. पहिल्या बाजीरावांच्या मागे काशीबाई जगल्या. नानासाहेबांच्या मागे गोपिकाबाई कितीतरी वर्षं जगल्या, मुलाशी भांडल्या, नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या पोटी १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. राघोबादादांच्या मागे आनंदीबाईही दहा वर्षांहून अधिक जगली. थेऊरला नदीकाठी झालं ते काळाच्या नियमाने अटळ नव्हतं. सत्तावीस वर्षांचा नवरा गेला, बायको त्याच्याहून लहान, मूलबाळ नाही. मुलाबाळांशिवायच्या तरुण विधवेपुढे त्या वाड्यात कोणतं आयुष्य वाढून ठेवलेलं होतं, याचा अंदाज आपल्यापैकी कुणालाही करता येईल. ते आयुष्य आपण हिशेबातून वगळतो आणि उरतं त्याला प्रेम म्हणतो.

रमाबाईंच्या मनात खरोखर काय होतं ते कळायला वाट नाही. देसाईंनी ते आपल्या परीने कल्पिलं, आणि उत्कटतेने कल्पिलं. त्यांना मी बोल लावणार नाही. कादंबरीतल्या बाईने कादंबरीतल्या काळात जगावं आणि मरावं, हे रास्तच आहे. वाचक मात्र आजच्या काळात बसलेला असतो. १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची एक मुलगी नवऱ्याच्या चितेवर गेली, हजारोंची गर्दी लोटली, आणि त्यानंतर झालेल्या केंद्रीय कायद्याने सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. त्या गर्दीलाही भरून आलंच असणार. कायदा कादंबरी वाचून रडणाऱ्याला लागू होत नाही, होऊही नये. पण ‘असं नातं आता कुठे राहिलंय’ असं लिहिण्यापूर्वी, ते राहिलं नाही याचा आपल्याला आनंद आहे की खंत, एवढं तरी वाचकाने स्वतःशी ठरवायला हवं. लिहिणाऱ्या बाई स्वतः विधवा आहेत, दोन मुलांना त्यांनी एकटीने वाढवलं आहे, हे गटात आम्हा सर्वांना ठाऊक होतं. त्यांनाही ते वाक्य लिहिताना काही विसंगत वाटलं नाही. गोष्टीची ओढ इतकी जबर असते.

म्हणजे एकीच्या वाट्याला आपले अश्रू आणि तिच्याच चुलत सासूच्या वाट्याला आपली टिंगल. दोघींपैकी कुणीही आपल्याला काही सांगून गेलेली नाही. वाटणी गोष्ट सांगणाऱ्यांनी केली. आपण गप्पांत ती रोज नव्याने मान्य करतो, पुढे पाठवतो, आणि मुलं ती इतिहास म्हणून वाचतात. गप्पा सैल आहेत म्हणून त्यांतला निवाडा हलका होत नाही. उलट चर्चेच्या रविवारी माणूस थोडा तरी सावध असतो; सोमवारी हसत हसत लिहिलेलं वाक्यच जास्त दूर जातं.

पुढच्या महिन्यासाठी मी इनामदारांची ‘शिकस्त’ सुचवली आहे. पानिपताहून जिवंत परतलेल्या, पती सदाशिवरावभाऊ गेले हे कधीच न मानणाऱ्या, कुंकू न पुसता १७८३ पर्यंत जगलेल्या पार्वतीबाईंची ती कादंबरी. भाऊंचा तोतया पुढे आला, तो खरा की खोटा यावर तंटे झाले, त्याला देहदंड झाला. या सगळ्यातून ही बाई त्याच वाड्यात जगत राहिली. तिच्यासाठी रडायचं की तिला वेडी म्हणायचं, हे अजून आपल्याला कुणी फारसं पढवलेलं नाही. तुमचाही असा गट असेल तर ती घ्या, आणि ती कशी बाई होती हे दोन दिवस थांबून लिहा.