उशिरा आलेलं पदक



7 सप्टेंबर 1965. भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं. पाकिस्तानातल्या सरगोधा हवाईतळावर हल्ला करायला गेलेले भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर देवय्या परतलेच नाहीत. तिकडं काय घडलं, हे सांगायला आपल्याकडचा साक्षीदार नव्हता. चौदा वर्षांनी एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून उलगडलं, की त्यांनी आपल्या संथ मिस्टेअर विमानानं शत्रूचं वेगवान स्टारफायटर पाडलं होतं. महावीर चक्र मिळालं 1988 मध्ये, मरणोत्तर.

त्याच युद्धात, हवाई हल्ल्यात सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर गोळ्या लागून अपंग झाले. 1972 मध्ये त्यांनी पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री आली 2018 मध्ये, अर्जुन पुरस्कार तर 2025 मध्ये.

पराक्रम क्षणात घडतो, त्याची नोंद मात्र कुणीतरी करावी लागते. म्हातारा सैनिक अर्ज घेऊन फिरतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘आता या वयात कशाला?’ त्याला मिरवायचं नसतं. आपण केलं ते खरं होतं, एवढं कुणीतरी म्हणावं, इतकीच त्याची अपेक्षा असते.

आपल्या जिल्ह्यात, भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत, तुमच्या गावात हवाई दलातून निवृत्त झालेले कुणी असतील, वैमानिक असोत वा विमानांची देखभाल करणारे, तर त्यांना भेटा. तळ, वर्ष, सोबत्यांची नावं लिहून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्यांच्यासोबत जा. पदक देणं सरकारच्या हाती आहे, नोंद ठेवणं आपल्या.