अबू उमैरचा पक्षी




25 मे 2020 रोजी ईदची नमाज आपण घरोघरी अदा केली. जेथे साथ पसरली आहे तेथे जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ठाऊक असल्यामुळे ईदगाह ओस पडल्याचे दुःख आपण सोसले. मोठ्यांना हा आधार होता. मुलांना कोणता होता?

त्या सकाळी माझा आठ वर्षांचा मुलगा शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून उंबऱ्यावर बसून राहिला. मी इमाम, मी त्याला सब्राचे महत्त्व सांगितले. मुलाबाळांसह पायी गावी निघालेल्या मजुरांचे उदाहरण दिले आणि आपल्याला छप्पर आहे याबद्दल अल्लाहचे आभार मानायला सांगितले. त्याने मान डोलावली. रात्री तो अम्मीजवळ बोलला. मकतबमध्ये त्याच्या शेजारी बसणारा मित्र निरोप न घेताच गेला होता. मी ज्या मजुरांचे उदाहरण देत होतो, त्यांतच ते कुटुंब होते.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची हदीस मी मदरशात शिकलो होतो. नुकतेच दूध सुटलेले ते बालक. त्याचा एक लहानसा पक्षी होता, तो मेला. प्रेषित (स.) घरी आले तेव्हा मूल उदास दिसले. त्यांनी कारण विचारून घेतले आणि मग त्या बालकाला एखाद्या वडीलधाऱ्यासारखे ‘अबू उमैर’ असे संबोधून त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. तीही यमक जुळवून, मुलाला गंमत वाटावी अशी. मदिनेचा सारा भार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांना एका चिमुकल्या पक्ष्यासाठी सवड होती. पूर्वीच्या एका आलिमांनी या प्रसंगातून साठ बोध काढून दाखवले आहेत. परीक्षेसाठी मी त्यांतले बरेच पाठ केले होते. उदास मुलाला आधी कारण विचारावे, एवढे मात्र घरात आठवले नाही.

रोजगार बंद, खोली एकच, मोबाइलही एकच आणि त्यावरच मुलांचा अभ्यास. अशा वेळी बापाचा राग मुलावर निघतो, हे मी जाणतो. पण मुलाचे रडणे कानी पडताच जमातीची नमाज आटोपती घेणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. घरातल्या जमातीत मुलाला इकामत म्हणू द्या. अडखळला तर अडखळू द्या. दिवसातून एकदा तरी मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा.

परवा त्या मित्राच्या वडिलांचा फोन लागला. सारे गावी सुखरूप पोहोचले आहेत, अल्हम्दुलिल्लाह. दोन्ही मुले बराच वेळ बोलली. बहुतेक वेळ एका कापलेल्या पतंगावरून भांडली.