आधी हात, मग बोल

शब्बाथशाळेत मुलींना धाडसावर उपदेश पुष्कळ मिळतो, जबाबदारीचे काम मात्र क्वचित. पंडिता रमाबाईंनी धाडसाची वाट न पाहता आधी काम दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनेक मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणले. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबल तिथल्याच मुली-बायकांनी खिळे जुळवून छापले. केवढा हा विश्वास! मुलगी चुकली, चारचौघांत हसे झाले, तर? ही भीती खोटी नाही. पण पाण्यावर चालताना पेत्र बुडू लागला, तेव्हा येशूने आधी त्याचा हात धरला, अल्पविश्वासाबद्दल नंतर विचारले. म्हणून उपासनेत वाचताना अडखळलेल्या मुलीला पुढच्या रविवारीही शास्त्रपाठ द्यावा, आणि एखाद्या वडीलधाऱ्या बाईने तिच्याशेजारी उभे राहावे.