नाव कोणाचे, ताल कोणाचा?

कलाकृतीचे श्रेय कोणाला द्यावे? ज्याने ती निर्माण केली त्याला, असे उत्तर आपण चटकन देतो. परंतु एकच कृती जेव्हा वीस-पंचवीस हातांतून घडते, तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. सत्तरच्या दशकातील चित्रपटसंगीताचा, विशेषतः त्यात उतरलेल्या ‘फंक’ नावाच्या अमेरिकी ढंगाचा विचार करताना हा प्रश्न आम्हांस अधिक तीव्रतेने जाणवतो. टोपी बाजाराच्या परिसरात राहून ख्यालगायकीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण त्याचे मर्म आपल्या पूर्ण ओळखीचे आहे.

ते मर्म म्हणजे सम. साठच्या दशकात जेम्स ब्राउन आणि त्यांच्या वादकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेतून फंक घडवले. त्यात चार मात्रांपैकी पहिलीवर सारा भार असतो आणि प्रत्येक वाद्य त्या मात्रेभोवती आपला लहानसा तुकडा गुंफत राहते. चाल दुय्यम असते. गाण्याचा प्राण लयीच्या विणीत असतो. १९७१ च्या ‘शाफ्ट’ या चित्रपटातील गीतासाठी आयझॅक हेज यांना १९७२ साली ऑस्कर मिळाले. ते गीत कानांना ओळखू येते ते आरंभीच्या झांजेच्या द्रुत ठेक्यामुळे आणि पायाखालची पट्टी दाबून स्वर उघडमीट करणाऱ्या गिटारमुळे. ठेका विली हॉल यांचा, गिटार चार्ल्स पिट्स यांची. पुरस्कार मात्र रचनाकाराचा.

यात अन्याय झाला असे लगेच म्हणता येणार नाही. कल्पना, जुळवणी आणि जबाबदारी रचनाकाराची होती. पण जेथे लय हीच रचना असते, तेथे ती वाजवणारा केवळ साथीदार कसा? जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० च्या गाण्यातील क्लाइड स्टबलफील्ड यांच्या ठेक्याचा तुकडा पुढे शेकडो ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. कागदोपत्री रचनाकार ब्राउनच राहिले. ज्याच्या हातांची नक्कल जगाने केली, त्याचे नाव जगाला फार उशिरा कळले.

हे संगीत मुंबईत पोचले तेव्हा प्रश्नही त्यासोबत आला. कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील दोन गाण्यांचे अंश घेऊन ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकी चमूने २००५ साली ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ हे गीत केले आणि त्याला २००६ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मूळ संगीतकारांचे नाव तेथे नोंदले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या वाद्यवृंदात ड्रम, गिटार, ट्रंपेट हाती घेऊन बसलेल्यांचे काय? मुंबईच्या त्या वादकवर्गात गोव्याचे ख्रिस्ती, पारशी, बंगाली, मराठी असे सर्व होते. राहुलदेव बर्मन यांच्याकडील मारुतीराव कीर यांच्यासारखी मोजकी नावे रसिकांना ठाऊक झाली. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात शिष्याने त्यांचे नाव गुंफले म्हणून ते घराघरांत पोचले. ते कोणा खऱ्या माणसाचे नाव आहे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हते.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले. त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक असेल आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नसेल, त्याला कलावंत धरू नये. कलेची विकृती झाल्यास दाद मागण्यापुरताच काय तो अपवाद. यातील तर्क आम्हांस अस्वस्थ करतो. नाव छापण्याची रीत नाही म्हणून तो कलावंत नाही, आणि कलावंत नाही म्हणून नाव छापण्याचा आग्रह त्याला धरता येत नाही!

कोणी म्हणेल, आपल्याकडे अनामिकता हा गुणच मानला आहे. लेणी कोरणाऱ्यांनी कोठे नावे कोरली? यावर आमचे उत्तर असे, की स्वतःचे नाव न लावणे हा त्याग. दुसऱ्याचे नाव गाळणे ही वंचना. दोन्हींचे फळ सारखे दिसले, तरी नीती सारखी नाही. कोणी असेही म्हणेल, की प्रत्येक ठेक्याला मालक मिळाला तर संगीतच थांबेल. हे आम्हांस मान्य आहे. कोणताही ठेका शून्यातून जन्मत नाही. म्हणूनच मालकी आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

या बाबतीत आपल्या घराण्यांची रीत विचार करण्याजोगी आहे. बंदिशीत ‘सदारंग’ ही मुद्रा येते, पण बंदीश शिष्यपरंपरेतील सर्वांची असते. गाणारा मैफलीत गुरूचे नाव आदराने घेतो. मालकी नाही, पण नाव आहे. चित्रपटसंगीताने नेमके उलट केले: मालकी पक्की, नावे गाळलेली. अर्थात आपणही निर्दोष नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर बहुधा गायकाचेच नाव असे. सारंगिया आणि तबलजी अनामिकच राहत.

मोबदल्याने श्रमाचे ऋण फिटते, ओळखीचे फिटत नाही. मोबदल्याचा वाद न्यायालयात कधी सुटेल तो सुटो. नाव घेण्यास ना कायदा लागतो, ना पैसा. आपल्या छोट्याशा कार्यक्रमाच्या पत्रिकेतही तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीपर्यंत प्रत्येकाचे नाव छापले जावे, एवढी सुरुवात आपल्या हाती निश्चित आहे.