कान तुटलेला कप

शेलूबाजारच्या आमच्या घरी शोकेसमध्ये गुलाबाच्या फुलांच्या, सोनेरी काठाच्या सहा कपबश्या होत्या. पाहुण्यांसाठी. आमच्या सालदारकाकांचा कप मात्र गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. पांढरा, कान तुटलेला. चहा पिऊन झाला की ते स्वतःच तो विसळून ठेवायचे. सहावीत असताना मी एकदा फुलांचा कप त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग म्हणाले, "राहू दे बाबू, माया कप हाये ना."

हे आठवलं पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. समोर जोर्वे संस्कृतीची भांडी होती. तांबडा रंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१मध्ये उत्खनन झालं, त्यावरून हे नाव. पुढे शिरूर तालुक्यातल्या इनामगावलाही अशी भांडी सापडली. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तोटीच्या भांड्यावर आधी रेघा ओढल्या आणि मग ते भाजलं. रेघा नसत्या तरी पाणी तेवढंच मावलं असतं. मग त्या कशासाठी? मला वाटतं, नक्षी म्हणजे पिणाऱ्याला दिलेला मान. म्हणूनच ती कुणाला द्यायची नाही, हेही ठरवता येतं.

दक्षिण अमेरिकेतले इंका लोक मक्याची दारू पिण्याचे नक्षीदार पेले जोडीने घडवत. त्यांना 'केरो' म्हणतात. एक देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा; प्यायचं दोघांनी मिळून. यात सगळी माया नव्हती. इंका राजाकडून पेला घेणारा सरदार त्याचं राज्यही मान्य करत असे. म्हणजे सारखा पेला माणसांना सारखं करत नाही. पण वेगळा कप त्यांना वेगळं नक्कीच करतो.

आमच्या फ्लॅटवर घरकामाला येणाऱ्या मावशींचा स्टीलचा ग्लास ओट्याखाली वेगळा असतो, हे मला त्या संध्याकाळी दिसलं. दोन वर्षं तो तिथेच होता. "हायजीन रे," रूममेट म्हणाला. आम्ही चौघं मात्र एकमेकांचे मग सर्रास उष्टे करतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना माझ्या मगसारख्याच मगमध्ये चहा दिला. त्यांनी तो घेतला, ओट्याशी उभ्यानेच प्यायला, आणि धुऊन ओट्याखाली ठेवला. मी तेव्हा लॅपटॉपसमोर होतो. जोडीतला दुसरा पेला देणाऱ्यानेही तिथेच, सोबत प्यायचा असतो, हे मी विसरलो होतो.