तारांखालचा अंधार

आफ्रिकेतील झैरे, म्हणजे आजचा लोकशाही काँगो. तेथे काँगो नदीवर इंगा येथे १९७२ व १९८२ साली दोन जलविद्युत केंद्रे सुरू झाली. तेथून सुमारे १७०० किलोमीटर लांबीची विद्युतवाहिनी कटंगाच्या तांब्याच्या खाणींकडे नेण्यात आली. वाटेत असंख्य खेडी. पण उच्च दाबाच्या डी.सी. पद्धतीची ही वीज मध्येच सहज उतरवता येत नाही. वीज डोक्यावरून वाहते, खाली मात्र अंधार. आजही त्या देशातील बहुसंख्य घरांत वीज नाही.

पुढे देखभालीअभावी यंत्रे थकली, जनित्रे बंद पडली. या शतकात जागतिक बँकेच्या साहाय्याने दुरुस्ती सुरू झाली. ती आवश्यकच होती. इस्पितळे अंधारात ठेवून न्याय साधत नाही. परंतु यंत्र पूर्ववत झाले की कर्तव्य संपते काय? यंत्राबरोबर जुना अन्यायही पूर्ववत होत नाही काय?

शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्याने लाजरसला दारातून हाकलल्याचे कोठे सांगितलेले नाही. दारात पडलेला लाजरस त्याच्या हिशेबातच नव्हता, हाच त्याचा अपराध. जक्कयाने मात्र केवळ पुढचा व्यवहार सुधारला नाही; ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले.

पापनिवेदनानंतर आपणही जीवनाची घडी पुन्हा बसवतो. तेव्हा स्वतःला विचारावे : आपल्या तारेखाली अंधारात कोण राहिले आहे? त्याच्या घरी दिवा लागेपर्यंत दुरुस्ती अपुरीच आहे.